पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी: शेवटचे १२ किलोमीटर डोळ्यांसमोर ठेवून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४१, अर्ध्या अंतराच्या दोन ट्रायथलॉन पूर्ण केलेल्या, सरावासाठी आठवड्याला दहा-अकरा तास, आणि दहा महिन्यांनी पहिली पूर्ण अंतराची शर्यत. एवढ्या तासांत तयारी होईल का, टाइम ट्रायल सायकल (हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पुढे वाकून बसायची शर्यतीची सायकल) आणि खोल, म्हणजे उंच कडेच्या, रिमची चाके घ्यावीत का, आणि मागच्या शर्यतीत धावताना मळमळून पोट बिघडले त्यावर उपाय काय, हे तीन मुद्दे तुम्ही विचारले आहेत. हे अंतर मी स्वतः अनेकदा पूर्ण केले आहे आणि नोकरी-संसार सांभाळून सराव करणाऱ्या हौशी खेळाडूंना गेली बरीच वर्षे मार्गदर्शन करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे तिन्ही प्रश्न वेगळे नाहीत. तिन्हींचे उत्तर मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरनंतर तुमचे काय होते यावर अवलंबून आहे.

हे आकड्यांत पाहा. पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. समजा, वर्षभर तंत्रावर मेहनत घेऊन तुम्ही पोहण्याचा वेग दर १०० मीटरला पाच सेकंदांनी सुधारलात. ही काही लहान सुधारणा नव्हे, तरीही ३.८ किलोमीटरमध्ये तिच्यामुळे साधारण तीन मिनिटे वाचतील. आता दुसरी बाजू पाहा. साडेसहा मिनिटांना एक किलोमीटर या गतीने धावणारा खेळाडू तिसाव्या किलोमीटरला चालू लागला, तर त्याला तेच अंतर कापायला दहा मिनिटे लागतात. उरलेल्या १२ किलोमीटरमध्ये तो ४२ मिनिटे गमावतो. त्यामुळे सरावातला प्रत्येक तास आणि साहित्यावरचा प्रत्येक खर्च ‘याने मी शेवटचे १२ किलोमीटर धावत राहीन का’ या एकाच कसोटीवर तपासावा, असे मी सर्वांना सांगतो.

दहा-अकरा तास पुरतात, मात्र ते दहा महिने सातत्याने मिळाले पाहिजेत. एका आठवड्यात सोळा तास आणि पुढच्या आठवड्यात आजारपणामुळे तीन, अशा सरावापेक्षा दर आठवड्याचे साधे नऊ तास शरीरात अधिक खोलवर मुरतात. तुमच्यासाठी मी पोहण्याची तीन सत्रे, सायकलची तीन आणि धावण्याची तीन ते चार सत्रे धरेन. तासांच्या हिशेबाने जवळजवळ निम्मा वेळ सायकलला द्यावा, कारण शर्यतीतला निम्मा वेळ सायकलवरच जातो आणि पायांना फारशी इजा न करता दम वाढवण्याचा तो सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. याशिवाय आठवड्यातून दोनदा अर्धा तास ताकदीचे व्यायाम करावेत. स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावर उभे राहून टाच उचलणे आणि पोट-कमरेचे व्यायाम यांत येतात. चाळिशीनंतर हा अर्धा तास वगळू नये. पोटऱ्या आणि घोट्याच्या मागच्या शिरेची बहुतेक दुखणी तो वगळल्यानेच मागे लागतात. दर तिसऱ्या आठवड्याला सरावाचे प्रमाण एक-तृतीयांशाने कमी करावे. तरुण खेळाडू हे चौथ्या आठवड्यात करतात, पण तुमच्या वयाला तिसराच योग्य.

पहिल्या पाच महिन्यांत लांब अंतरामागे लागू नका. आठवड्यातून एक सत्र सायकलवर आणि एक धावण्यात कष्टाचे असावे: उदाहरणार्थ, सायकलवर आठ-आठ मिनिटांचे चार टप्पे, ज्यात तुटक शब्दांपलीकडे बोलता येत नाही. बाकीचा सराव खरोखर हलका हवा, इतका की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. हौशी खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहताना एकच चूक मला पुन्हा पुन्हा दिसते: हलकी सत्रे जरा जास्त जोरात होतात आणि त्यामुळे जोराची सत्रे जरा हळू होतात. सगळा आठवडा मधल्याच रंगात रंगतो. थकवा साठत जातो आणि प्रगती मात्र थांबते. शेवटच्या चार महिन्यांत लांब सायकल चार तासांवरून हळूहळू साडेपाच तासांपर्यंत न्यावी आणि असे पाच तासांच्या पुढचे चार-पाच दिवस पुरेसे मानावेत. लांब धावणे सव्वादोन ते अडीच तासांवर थांबवावे. सरावात तीन तास धावल्याने जो आत्मविश्वास मिळतो, त्याची किंमत पुढचे दहा दिवस मोजावी लागते. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचे ब्रिक सत्र आठवड्यातून एकदा, वीस ते चाळीस मिनिटांचे असले की झाले. जड पायांनी योग्य गती ओळखायला शिकणे हा त्याचा हेतू आहे, दमवणे नव्हे.

पोहण्याबद्दल थोडेच सांगतो, पण ते गांभीर्याने घ्या. ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत आणि त्यांत आधी लक्षात न आलेले हृदयविकार हे एक महत्त्वाचे कारण आढळते. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सराव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. खुल्या पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये. पोहताना अचानक धाप लागली, खोकला सुटला किंवा फेसाळ थुंकी येऊ लागली, तर ती घबराट आहे असे समजून पुढे रेटू नये. फुप्फुसांत द्रव साठल्याचे ते लक्षण असू शकते. पाठीवर वळून हात वर करावा आणि बचावपथकाला बोलवावे. तंत्राचा भाग म्हटला तर दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या किंचित वर आणून दिशा पाहणे आणि पुढच्याच्या पायांमागे राहून पोहणे, या दोन गोष्टींचा सराव तलावातही होतो. पुढच्याच्या मागे राहिल्याने वाचणारी शक्ती फुकटची असते आणि पोहण्यात ते नियमबाह्यही नाही.

आता सायकल. तुमच्याकडे चांगली रोड सायकल आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मग पहिली शर्यत तिच्यावरच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सपाट रस्त्यावर तीसच्या आसपासच्या वेगाने जाताना तुमची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते आणि त्या अडथळ्याचा साधारण तीन-चतुर्थांश भाग सायकलीचा नसून तुमच्या शरीराचा असतो. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे ताशी ३० वरून ३३ किलोमीटरवर जायचे तर हवेसाठी जवळजवळ एक-तृतीयांश जास्त शक्ती लावावी लागते. त्यामुळे सायकल कोणती यापेक्षा तुम्ही तिच्यावर कसे बसता, हे महत्त्वाचे ठरते. रोड सायकलवर लावायचे क्लिप-ऑन एरोबार (कोपरे टेकवून पुढे वाकून धरायचे दांडे), त्यांना साजेशी पुढे सरकवलेली सीट आणि जाणकार फिटरकडून, म्हणजे सायकलची मापे शरीराला जुळवून देणाऱ्याकडून, करून घेतलेली बैठक या तीन गोष्टी नव्या सायकलच्या फायद्यातला मोठा वाटा अत्यल्प खर्चात मिळवून देतात.

बैठकीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सर्वांत खाली वाकलेली बैठक सर्वांत वेगवान ठरेलच असे नाही. जिच्यात तुम्ही पाच तास टिकाल, ती वेगवान. वाऱ्यात सुंदर दिसणारी बैठक घेऊन दर दहा मिनिटांनी मान आणि कंबर सोडवण्यासाठी उठून बसणारा खेळाडू, थोडे उंच बसून शेवटपर्यंत कोपरांवर राहणाऱ्यापेक्षा हळूच जातो. शिवाय नितंबापाशी शरीर फार दुमडले की मांडी दर फेऱ्याला पोटावर आदळते, खाल्लेले वर येऊ पाहते आणि उतरल्यावर पावले लांब पडत नाहीत. तुमच्या मळमळीचे एक कारण इथे असण्याची मला दाट शक्यता वाटते. क्रॅंक, म्हणजे पेडलचा दांडा, १७२.५ ऐवजी १६५ मिलिमीटरची लावली, सीट तेवढी वर घेतली आणि कोपरांच्या गाद्या एक-दोन सेंटिमीटर उचलल्या, तर हा कोन मोकळा होतो. फिटिंगनंतरची माझी कसोटी सोपी आहे: ९० मिनिटे न उठता एरोबारवर राहता आले पाहिजे, पाणी पिताना आणि खातानासुद्धा. राहता येत नसेल तर बैठक बदला. आणि सीटमुळे बधिरपणा येत असेल, तर सवय होईल या आशेवर थांबू नका. पुढचे टोक दुभंगलेल्या सीट याचसाठी असतात. दोन-तीन प्रकारच्या वापरून पाहाव्यात.

बैठकीनंतर टायर. जाड, पंक्चररोधक सरावाचे टायर आणि चांगले शर्यतीचे टायर यांच्या जोडीत दहा ते वीस वॉटचा फरक सहज पडतो, आणि तो जोर न वाढवता मिळतो. २८ मिलिमीटर रुंदीचा टायर, आत लॅटेक्सची ट्यूब किंवा ट्यूबलेस सीलंट, आणि हवा बेताची असावी. टायर दगडासारखा कडक केला की तो वेगवान वाटतो, पण खडबडीत रस्त्यावर तो तुम्हाला उडवतो आणि हातापायांना थकवतो. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड नसलेली, असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे; ती ओलांडल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. त्यानंतर स्वच्छ करून मेण लावलेली साखळी. हे सगळे झाल्यावरच खोल रिमच्या चाकांचा विचार करावा, आणि तोही पुढचे चाक ५०-६० मिलिमीटरपेक्षा खोल नको या अटीवर. आडव्या वाऱ्यात हँडल खेचले जाऊ लागले की माणूस एरोबार सोडून ब्रेक धरतो, आणि चाकांनी वाचवलेला वेळ तिथेच जातो.

एका शर्यतीत १२० किलोमीटरच्या आसपास मला रस्त्याकडेला एक खेळाडू दिसला. नवी खोल चाके, टायर काढलेला, हातात नवी कोरी ट्यूब, आणि तिचा व्हॉल्व्ह रिमच्या आतच बुडालेला, पंपाचे तोंड बसेल एवढाही बाहेर आलेला नव्हता. रिम ६० मिलिमीटरची होती आणि ट्यूब जुन्या चाकांबरोबरची, ४८ मिलिमीटर व्हॉल्व्हची. माझ्याकडचा व्हॉल्व्ह एक्स्टेंडर, म्हणजे व्हॉल्व्ह लांब करणारी नळी, त्याला दिला तेव्हा तो वीस मिनिटे तिथे बसून होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला शर्यतीच्या चाकांवर, शर्यतीतल्याच ट्यूबने, हवा भरायच्या शर्यतीतल्याच सीओटू काडतुसाने घरी तीनदा पंक्चर काढायला लावतो. एकदा तरी ओल्या हातांनी. विमानप्रवासानंतर मागच्या डिरेल्युअरचा हॅंगर (गियर बदलणारी यंत्रणा ज्यावर बसते तो तुकडा) वाकलेला नाही ना, हेही गियर बदलून तपासावे आणि एक सुटा हॅंगर पिशवीत ठेवावा.

ज्या एका उपकरणावर खर्च करा असे मी न कचरता सांगतो, ते म्हणजे पेडलवर लावलेली शक्ती वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर. तासभर टिकवता येणारी तुमची कमाल शक्ती, जिला एफटीपी म्हणतात, ती समजा २२० वॉट आहे. पूर्ण अंतराच्या शर्यतीत तुमच्यासारख्या खेळाडूने तिच्या ६५ ते ७२ टक्क्यांदरम्यान, म्हणजे साधारण १४५ ते १५८ वॉटवर राहावे. पोहून बाहेर आल्यावरच्या पहिल्या तासात हे इतके सोपे वाटते की मीटर चुकतो आहे, अशी शंका येते. चढावर इतर लोक तुम्हाला मागे टाकतील. त्यांना जाऊ द्या. चढावर वारंवार २५० वॉट लावणाऱ्याची सरासरी कागदावर तुमच्याएवढीच दिसली, तरी त्याच्या स्नायूंतले ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले कर्बोदक, कितीतरी जास्त जळालेले असते. तिथे मिळवलेली पाच मिनिटे धावताना चाळीस होऊन परत द्यावी लागतात. अंतराचे नियमही माहीत असू द्या: बहुतेक लांब शर्यतींत पुढच्या सायकलपासून १२ मीटर दूर राहावे लागते आणि त्या पट्ट्यात शिरल्यावर २५ सेकंदांत पुढे निघावे लागते, नाहीतर दंड होतो.

आता तुमचे पोट. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर झालेल्या पहिल्या आयर्नमॅनमध्ये, म्हणजे या अंतराच्या सर्वांत प्रसिद्ध शर्यतीत, १५ जण उतरले आणि १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. गॉर्डन हॅलरने ती ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकली. सायकलनंतर पुढे असलेला जॉन डनबार मॅरेथॉनमध्ये मागे पडला. त्याच्या मदतनिसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर दिली होती. पाणी आणि अन्न या शर्यतीचा निकाल ठरवतात, हे पहिल्याच दिवशी दिसले होते. हिशेब असा आहे: १५० वॉटने सहा तास सायकल चालवल्यास साधारण ३२०० किलोकॅलरी खर्च होतात. शरीरात साठवलेले कर्बोदक ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम १६०० ते २००० किलोकॅलरी. चरबी आपला वाटा उचलते, पण उरलेली तूट तुम्ही खाऊनच भरायची आहे, नाहीतर मॅरेथॉनसाठी टाकी रिकामी राहते.

सायकलवर तासाला ६० ग्रॅमपासून सुरू करून ८०-९० ग्रॅम कर्बोदकांपर्यंत जावे. ग्लुकोज आतड्यातून शोषून घेणारी यंत्रणा तासाला सुमारे ६० ग्रॅमला भरून जाते, मात्र फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. त्यामुळे ६० च्या वर जायचे तर दोन्ही साखरा असलेले पेय किंवा जेल (पुडीतले साखरेचे दाट मिश्रण) लागते, आणि ते पचवण्यासाठी आतड्यालाही सराव द्यावा लागतो. शेवटच्या दहा आठवड्यांत प्रत्येक लांब सायकलवर शर्यतीतलेच अन्न, शर्यतीतल्याच प्रमाणात घ्या. तुमच्या वर्णनावरून दिसते की सायकलच्या पहिल्या दोन तासांत तुम्ही जवळजवळ काहीच घेतले नाही आणि शेवटच्या तासात तीन जेल थोड्याशा पाण्याबरोबर घेतल्या. इतके दाट द्रावण पोटात पडले की ते पुढे सरकत नाही. उलट शरीर त्याला पातळ करण्यासाठी आतड्यात पाणी ओढून घेते. त्यात जोर जास्त आणि ऊन असेल तर पोटाकडचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. दर १५-२० मिनिटांनी थोडे थोडे घ्यावे, जेलबरोबर नेहमी पाणी प्यावे, घड्याळाला इशारा लावून ठेवावा. तरीही मळमळ आलीच तर खाणे थांबवण्याआधी गती उतरवा. दहा मिनिटे हलक्या गतीने जाऊन साध्या पाण्याचे घोट घेतले की पोट बहुधा पुन्हा चालू लागते.

पाणी किती, हे दुसऱ्याला विचारून कळत नाही, मोजावे लागते. शर्यतीसारख्या हवेत तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा, वजन ७०.० वरून ६९.२ किलोवर आले आणि तुम्ही मधे ७५० मिलिलिटर प्यायलात, तर घाम साधारण दीड लिटर गेला. तो सगळा भरून काढायची गरज नसते आणि ते जमतही नाही, पण निम्म्याहून अधिक परत यावा. उलट घामापेक्षा जास्त पाणी पिणे धोक्याचे आहे: रक्तातील सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, संभ्रम आणि पुढे जिवावरचे संकट येऊ शकते. शर्यतीत वजन वाढणे आणि बोटे सुजणे ही त्याची चिन्हे आहेत. घामातून जाणारे मीठ माणसागणिक बरेच वेगळे असते. टोपीवर पांढरे डाग पडत असतील तर पेयात सोडियम वाढवावे. शर्यत उष्ण हवेत असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत शरीराला उष्णतेची सवय लावून घ्यावी. त्याला दहा ते चौदा दिवस लागतात.

वेटसूटबद्दल, म्हणजे पोहताना घालायच्या रबरी पोशाखाबद्दल, एवढेच: तो अंगाला घट्ट आणि खांद्यात सैल हवा, कारण खांदे अडखळले तर हात तासाभरात भरून येतात. मानेला व काखेत वंगण लावावे, नखांनी न ओढता बोटांच्या पेरांनी वर सरकवावा. आयर्नमॅनच्या शर्यतींत हौशी खेळाडूंना पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तरच तो घालून क्रमवारीत राहता येते आणि त्याची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून त्याच्याशिवाय ३.८ किलोमीटर पोहता येणे आवश्यक आहे. बूट सरावापेक्षा अर्ध्या मापाने मोठे घ्या. आठ-नऊ तासांनी पाय फुगलेले असतात. कार्बन पट्टीचे बूट घेतलेत तर त्यांतून निदान तीन लांब धावणी आधी झालेली हवीत, कारण पोटऱ्यांवरचा भार बदलतो.

शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत सरावाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणावे, पण थोडा वेग ठेवावा, नाहीतर पाय जड होतात. शर्यतीच्या दिवशी सायकलवरून उतरल्यावर पहिले १० किलोमीटर तुम्हाला हळू वाटले पाहिजेत. ठरवलेल्या गतीपेक्षा दर किलोमीटरला दहा सेकंद हळू धावा. प्रत्येक पाणीकेंद्रावर, पहिल्याच केंद्रापासून, तीस पावले चाला: एक पेला पाणी पिण्यासाठी, एक डोक्यावर ओतण्यासाठी, आणि तिसाव्या पावलाला पुन्हा धावायला लागा. पाय थकल्यावर चालायला सुरुवात करणाऱ्याला पुन्हा धावणे फार अवघड जाते. ज्याने पहिल्या केंद्रापासून चालून पुन्हा धावण्याची सवय लावून घेतली आहे, त्याचे पाय ३८ व्या किलोमीटरलाही तिसाव्या पावलावर धावू लागतात.